वादळाच्या पाठीमागे

मार्च-एप्रिलच्या उन्हात शाळेच्या पटांगणावर वावटळ उठली की वर्गातली मुले खिडकीशी धाव घेतात. पाचोळा, कागदाचे कपटे, धूळ असे सारे गरगरत वर जाते आणि अर्ध्या मिनिटात खेळ संपतो. वावटळीत शिरायला मुले भीत नाहीत. उलट, तिच्यामागे धावण्याची त्यांच्यात चुरस लागते.

याच वावटळीची शेकडो पटींनी मोठी, ढगातून लोंबणारी आणि घरे उखडून नेणारी बहीण म्हणजे टोर्नॅडो. अमेरिकेच्या मध्यभागातल्या सपाट प्रदेशात दर वसंत ऋतूत काही माणसे मोटारी घेऊन तिच्या मागे धावतात. त्यात शास्त्रज्ञ असतात, विद्यार्थी असतात, वार्ताहर असतात आणि निव्वळ हौशी मंडळीही असतात. आपल्याला टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस इकडची चित्रे दूरदर्शनवर किंवा सिनेमात दिसतात, तेव्हा हा वेड्यांचा बाजार वाटतो. पण टोर्नॅडोविषयी आज जे ज्ञान आहे त्यातला बराच भाग या पाठलागातून मिळालेला आहे. त्या ज्ञानाची किंमतही काहींनी प्राणांनी चुकवली आहे. ही माणसे नेमके काय करतात, आणि त्याचा हवामानाच्या बातमीशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

तीन निरनिराळी वादळे

प्रथम एक घोटाळा दूर करू. वावटळ, चक्रीवादळ आणि टोर्नॅडो या तिन्हींत हवा गोल फिरते, पण तिन्हींची जात वेगळी आहे. वावटळ निरभ्र आकाशात, तापलेल्या जमिनीवरून वर उठते. तिचा व्यास काही मीटर आणि आयुष्य मिनिटाभराचे. चक्रीवादळ उबदार समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि अनेक दिवस टिकते. उपग्रहाला ते लांबून दिसते, त्यामुळे त्याची बातमी दोन-तीन दिवस आधी देता येते.

टोर्नॅडो या दोहोंच्या मधला, पण दोहोंपेक्षा लहरी. तो प्रचंड गर्जनमेघाच्या पोटातून खाली उतरतो. त्याची रुंदी बहुधा काही दशक ते काहीशे मीटर असते आणि आयुष्य काही मिनिटांचे. मात्र त्यातल्या वाऱ्याचा वेग कोणत्याही चक्रीवादळाला मागे टाकू शकतो. अमेरिकेत वर्षाला सुमारे १२०० टोर्नॅडोंची नोंद होते. बहुतेक दुबळे असतात आणि शेतातच विरतात. थोडेसेच भयंकर असतात. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या एकाच टोर्नॅडोने ६९५ माणसांचा बळी घेतला. त्या लोकांना कोणताही इशारा मिळालेला नव्हता.

ढग फिरू कसा लागतो?

टोर्नॅडोसाठी लागणारे साहित्य अमेरिकेच्या मध्यभागात जणू मापून ठेवलेले असते. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. तिथून जमिनीलगत उबदार, दमट हवा येते. पश्चिमेला रॉकी पर्वताकडच्या उंच पठारांवरून कोरडी, तापलेली हवा येते आणि त्या दमट हवेच्या डोक्यावर झाकणासारखी बसते. त्याच्याही वर, दहा किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेकडून वेगवान झोतवारा वाहत असतो.

झाकण हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दमट हवा दुपारभर तापते, वर जाऊ पाहते, पण झाकण तिला अडवते. कुकरमध्ये वाफ कोंडावी तसे होते. झाकण नसते तर सकाळीच छोटे-छोटे ढग होऊन ऊर्जा वाटली गेली असती. झाकणामुळे ती साठते, आणि चार-पाचच्या सुमारास कुठेतरी झाकण फुटले की सारी हवा तिथून उसळून वर जाते. वर गेल्यावर बाष्पाचे पाणी होते आणि दर किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती हवेला आणखी वर ढकलते. तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

एवढे आपल्याकडच्या वळवातही होते. मग आपला ढग फिरत का नाही? उत्तर वाऱ्यात आहे. हे वर्गात दाखवायला एक पेन्सिल पुरे. दोन तळहातांमध्ये पेन्सिल आडवी धरा. खालचा हात स्थिर ठेवा आणि वरचा पुढे सरकवा. पेन्सिल लोळू लागते. खालचा हात म्हणजे जमिनीजवळचा मंद वारा, वरचा म्हणजे उंचावरचा जोरदार वारा. या फरकामुळे मधली हवा आडव्या लाटण्यासारखी लोळत असते. आता दोन्ही हात फिरवून पेन्सिल उभी करा. ती तशीच फिरते आहे, पण तिचा आस उभा झाला. गर्जनमेघात वर चढणारा झोत नेमके हेच करतो. तो आडव्या लाटण्याला उचलून उभे करतो आणि मग तो झोतच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या झोताच्या ढगाला ‘सुपरसेल’ म्हणतात. त्यातला फिरता भाग काही किलोमीटर रुंद असतो.

हा फिरता भाग आकुंचन पावत जमिनीपर्यंत आला तर टोर्नॅडो होतो. फुगडी घालणाऱ्या मुली एकमेकींच्या जवळ आल्या की गिरकीचा वेग वाढतो, तसे काही किलोमीटरवरचे संथ फिरणे काहीशे मीटरवर आले की प्रचंड वेगवान होते. कोनीय संवेग अक्षय्य राहतो हा नियम दोन्हीकडे तोच.

पण ‘आला तर’ या दोन शब्दांतच सारी मेख आहे. बहुतेक सुपरसेल टोर्नॅडो न देताच संपतात. एकाच दिवशी, एकाच आकाशात शेजारी शेजारी दोन सुपरसेल असतात, एक गाव उद्ध्वस्त करतो आणि दुसरा नुसता गडगडून जातो. असे का, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पाठलाग चालू आहे तो यासाठी.

न उच्चारायचा शब्द

एके काळी अमेरिकेच्या हवामान खात्याच्या अंदाजात ‘टोर्नॅडो’ हा शब्द वापरायला बंदी होती, हे वाचून आश्चर्य वाटेल. १८८० च्या दशकात जॉन फिन्ली या लष्करी अधिकाऱ्याने टोर्नॅडोचे भाकीत करण्याचे प्रयोग केले होते. परंतु अंदाज बहुधा चुकणार, आणि नुसत्या शब्दानेच लोक घाबरून धावपळ करतील, त्यात अधिक माणसे मरतील, असे वरिष्ठांना वाटले. शब्द बंद झाला. ही मनाई पुढे अनेक दशके कमीअधिक प्रमाणात चालू राहिली.

ती मोडली योगायोगाने. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर टोर्नॅडो आला आणि अनेक विमानांचा चुराडा झाला. तळावरचे हवामान अधिकारी अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर यांना जुन्या टोर्नॅडोंच्या दिवसांचे नकाशे काढून अभ्यास करायला सांगण्यात आले. पाच दिवसांनी, २५ मार्चला, सकाळच्या नकाशात त्यांना तीच ठेवण पुन्हा दिसली. एकाच तळावर आठवड्यात दोन टोर्नॅडो येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. अंदाज द्यावा तर हसे होणार, न द्यावा तर? त्यांनी अंदाज दिला. विमाने आडोशाला हलवली गेली, माणसे सुरक्षित जागी गेली. संध्याकाळी त्याच तळावर टोर्नॅडो आला.

नशिबाचा भाग त्यात मोठा होता. तरी या घटनेनंतर ‘भाकीत करताच येणार नाही’ असे म्हणणे अवघड झाले आणि १९५० मध्ये हवामान खात्याने शब्दावरची बंदी उठवली.

पाठलागाची सुरुवात

नकाशावरून ‘आज या राज्यात धोका आहे’ एवढेच सांगता येत होते. टोर्नॅडो होतो कसा, हे जवळून कोणी पाहिलेच नव्हते. ज्यांनी पाहिले ते जीव वाचवण्याच्या गडबडीत होते.

१९५६ मध्ये नॉर्थ डाकोटा राज्यात डेव्हिड होडली या तरुणाने हौसेखातर वादळांमागे मोटार घालायला सुरुवात केली. ते व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ नव्हते. पुढे १९७७ मध्ये त्यांनी पाठलाग करणाऱ्यांसाठी ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे पत्रक काढले. शास्त्रज्ञांमध्ये नील वॉर्ड यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९६१ मध्ये ते ओक्लाहोमाच्या महामार्ग पोलिसांच्या गाडीत बसून वादळामागे गेले आणि रडारवर बसलेल्या सहकाऱ्याशी संपर्क ठेवत त्यांनी डोळ्यांना दिसणारा ढग आणि पडद्यावरचा ठिपका यांची सांगड घातली.

याच काळात शिकागो विद्यापीठात टेट्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने जात होते. २० जून १९५७ रोजी नॉर्थ डाकोटातील फार्गो शहरावर टोर्नॅडो आला, तेव्हा गावातल्या अनेकांनी त्याचे फोटो काढले होते. फुजितांनी लोकांकडून आणि स्थानिक वार्ताहरांकडून असे सुमारे १५० फोटो जमवले, प्रत्येक फोटो कुठे उभे राहून आणि किती वाजता काढला हे शोधले, आणि त्यावरून ढगाच्या हालचालींचा मिनिटामिनिटाचा आराखडा मांडला. बातमीसाठी काढलेला फोटोही नीट नोंद असेल तर विज्ञानाचा पुरावा होतो, हे त्यांनी दाखवले. टोर्नॅडोने केलेल्या नुकसानीवरून त्याचा जोर ठरवणारी ० ते ५ अशी मोजपट्टीही त्यांचीच, १९७१ सालची. २००७ पासून तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत वापरात आहे.

खरा पल्ला गाठला गेला तो २४ मे १९७३ रोजी. नॉर्मन येथील राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेची पथके युनियन सिटी या गावाजवळ वेळेवर पोहोचली आणि एका टोर्नॅडोचे जन्मापासून विरण्यापर्यंतचे चित्रण त्यांनी केले. त्याच वेळी प्रयोगशाळेचे प्रायोगिक डॉप्लर रडार त्याच ढगाचे मापन करीत होते. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा असे दिसले की, टोर्नॅडो जमिनीला टेकण्याआधीच ढगाच्या मध्यावर त्याच्या फिरण्याची खूण रडारने टिपली होती. इशारा आधी देता येईल, याचा हा भक्कम पुरावा होता.

रडारला काय दिसत नाही?

साधे रडार पाऊस कुठे आहे आणि किती आहे ते सांगते. डॉप्लर रडार त्याबरोबरच थेंब आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही सांगते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा लागतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, त्याच तत्त्वावर. पडद्यावर जवळ येणारा वारा हिरव्या आणि दूर जाणारा तांबड्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे. हिरवा आणि तांबडा ठिपका अगदी शेजारी आले की समजावे, तिथे हवा गरगर फिरत आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेने अशा सुमारे १६० रडारांचे जाळे उभारले. १९८० च्या दशकात इशारा आणि टोर्नॅडो यांच्यामध्ये सरासरी पाचेक मिनिटे मिळत, ती पुढे तेरा मिनिटांच्या आसपास गेली.

मग पाठलागाची गरज काय? याचे उत्तर भूगोलाच्या शिक्षकांना आवडेल. पृथ्वी गोल आहे आणि रडारचा झोत जवळजवळ सरळ जातो. शिवाय तो जमिनीला घासू नये म्हणून सुमारे अर्धा अंश वर रोखलेला असतो. त्यामुळे १०० किलोमीटर अंतरावर झोत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. म्हणजे रडार ढगाचे पोट पाहते, पाय पाहत नाही. टोर्नॅडो जमिनीला टेकला की नाही, हे बघायला तिथे माणूसच लागतो. म्हणूनच अमेरिकेच्या हवामान सेवेने ‘स्कायवॉर्न’ नावाची योजना चालवली आहे. तिच्यात लाखो नागरिकांना ढग ओळखण्याचे शिक्षण दिले जाते. हे लोक पाठलाग करीत नाहीत. आपापल्या गावात उभे राहून जे दिसेल ते कळवतात. त्यात शेतकरी असतात, अग्निशमन दलाचे जवान असतात, शिक्षकही असतात.

पाठलागाचा एक दिवस

सिनेमात पाठलाग म्हणजे सतत धावपळ. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक वेळ नकाशे वाचण्यात, गाडी चालवण्यात आणि वाट पाहण्यात जातो. सकाळी सातच्या सुमारास हवामान फुग्यांनी मोजलेले वेगवेगळ्या उंचीवरचे तापमान, बाष्प आणि वारे यांचे आकडे येतात. दमट हवा कुठवर पोहोचली, झाकण किती घट्ट आहे, वरचा वारा किती जोराचा, हे पाहून पथक एखादे गाव निवडते. ते चारशे-पाचशे किलोमीटर दूर असू शकते. दुपारी तिथे पोहोचून पेट्रोल पंपावर थांबायचे आणि आकाशाकडे बघत राहायचे. पुष्कळदा झाकण फुटतच नाही. लख्ख उन्हात दिवस संपतो आणि मंडळी हात हलवत परत जातात. अनुभवी माणसांचेही बरेचसे दिवस असे रिकामे जातात.

ढग उठलाच तर कुठून जवळ जायचे, याचे नियम आहेत. तिकडचे सुपरसेल बहुधा ईशान्येकडे सरकतात. पाऊस आणि लिंबाएवढ्या, कधी त्याहूनही मोठ्या गारा पुढच्या भागात असतात, तर टोर्नॅडो बहुधा मागच्या, नैर्ऋत्येकडच्या कोपऱ्यात. म्हणून वादळाच्या आग्नेयेला राहायचे. तिथून दृश्य स्वच्छ दिसते आणि वादळ आपल्या अंगावर येत नाही. ढगाचा तळ एका जागी भिंतीसारखा खाली उतरला आणि ती भिंत फिरताना दिसली की सावध व्हायचे. सगळ्यांत महत्त्वाचा नियम: पळून जायचा रस्ता आधी ठरवायचा, मग वादळाकडे बघायचे.

पिंप आणि कासव

टोर्नॅडोच्या आत काय असते ते मोजायचे, तर उपकरण त्याच्या वाटेत ठेवावे लागते. १९७९ मध्ये यासाठी ‘टोटो’ नावाचे यंत्र तयार झाले. पिंपात बसवलेली दाब, तापमान आणि वारा मोजणारी उपकरणे ट्रकमध्ये घालून न्यायची, टोर्नॅडोसमोर उतरवायची आणि पळ काढायचा. अनेक वर्षे प्रयत्न झाले. १९८४ मध्ये ते एका दुबळ्या टोर्नॅडोच्या कडेत सापडले आणि चक्क आडवे पडले. अखेर १९८७ मध्ये हा नाद सोडून देण्यात आला. १९९६ च्या ‘ट्विस्टर’ या चित्रपटातले यंत्र याच पिंपावरून सुचलेले आहे.

दुसरी वाट म्हणजे रडारच वादळाजवळ नेणे. हॉवर्ड ब्लूस्टीन यांच्या पथकाने २६ एप्रिल १९९१ रोजी हाताने उचलून नेता येणाऱ्या रडारने एका टोर्नॅडोत ताशी ४३० किलोमीटरच्या आसपास वारा मोजला. १९९४-९५ मध्ये ‘व्हॉर्टेक्स’ ही मोठी मोहीम झाली. तिच्याच अखेरीस जोशुआ वुर्मन यांनी ट्रकवर चढवलेले डॉप्लर रडार आणले. ३ मे १९९९ रोजी अशाच रडारने ओक्लाहोमा शहराजवळच्या टोर्नॅडोत ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग नोंदला. २००९-१० मधल्या दुसऱ्या मोहिमेत शंभरावर शास्त्रज्ञ आणि चाळीसेक वाहने होती.

या मोहिमांतून एक गोष्ट पुढे आली. सुपरसेलच्या मागच्या बाजूने खाली उतरणारी हवा फार थंड असेल तर ती जड होऊन जमिनीवर पसरते आणि फिरणे तुटते. ती हवा त्या मानाने उबदार असेल तर पुन्हा वर खेचली जाऊ शकते आणि टोर्नॅडो होण्याची शक्यता वाढते. शेजारच्या दोन ढगांपैकी एकच का बिथरतो, या कोड्याचा हा एक धागा आहे. तो दूरच्या रडारवरून सापडला नसता. त्यासाठी मोटारींवर तापमापक लावून वादळाखालून जावे लागले.

आत शिरलेले सर्वांत गाजलेले उपकरण मात्र पिंपासारखे नव्हते, कासवासारखे होते. टिम समारास हे अभियंता होते. हवामानशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी विचार केला की, उंच वस्तू वाऱ्याने पडणारच, मग उपकरण जमिनीला चिकटून राहील असे का करू नये? त्यांनी बसक्या शंकूच्या आकाराचे, वीसेक किलोग्रॅम वजनाचे धातूचे कवच बनवले. वारा जितका जोरात, तितके ते जमिनीवर घट्ट दाबले जाई. २४ जून २००३ रोजी साउथ डाकोटातील मँचेस्टर या वस्तीजवळ त्यांनी हे कासव रस्त्याकडेला ठेवले आणि ते निघून गेले. टोर्नॅडो त्यावरूनच गेला. मिनिटाच्या आत हवेचा दाब १०० हेक्टापास्कलने उतरल्याची नोंद मिळाली. मुंबईहून माथेरानच्या माथ्यावर जाईपर्यंत दाब जितका उतरतो, त्याहून थोडा अधिकच हा उतार आहे. आपल्याला त्यासाठी दोन-तीन तास लागतात, तिथे काही सेकंद पुरले.

एल रेनो

समारास अतिशय सावध म्हणून ओळखले जात. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो गावाजवळ ते, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग एका टोर्नॅडोसमोर कासव ठेवायला गेले होते. त्या टोर्नॅडोने अचानक दिशा बदलली, वेग वाढवला आणि तो फुगत गेला. शेवटी त्याची रुंदी ४.२ किलोमीटर झाली. नोंद झालेल्यांत सर्वांत रुंद तोच. त्याच्या पोटात लहान भोवरे वेगाने फिरत होते आणि सारे पावसाच्या पडद्याआड होते. तिघेही त्यात गेले. इतक्या वर्षांच्या पाठलागात टोर्नॅडोनेच संशोधकांचा जीव घेतल्याची ही पहिली ज्ञात घटना.

त्या दिवशी रस्त्यांवर आणखी एक गोष्ट घडत होती. अकराच दिवसांपूर्वी, २० मे रोजी, जवळच्या मूर शहरात टोर्नॅडोने २४ बळी घेतले होते. त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुले होती. शाळेला तळघर नव्हते. शिक्षकांनी मुलांना बाकांखाली, भिंतीकडेला बसवले आणि त्यांच्यावर स्वतः ओणवे झाले. इशारा पहिल्यांदा निघाल्यापासून टोर्नॅडो टेकेपर्यंत सोळा मिनिटे मिळाली होती. पण सोळा मिनिटांत जायचे तरी कुठे? ही आठवण ताजी असताना ३१ तारखेला पुन्हा इशारा आला आणि हजारो लोक मोटारी काढून पळू लागले. एका वाहिनीवरून तर दक्षिणेकडे निघून जा असा सल्लाही दिला गेला. महामार्ग तुंबले. त्या टोर्नॅडोने ज्या आठ जणांचा जीव घेतला ते सर्व वाहनांतच होते. टोर्नॅडो दाट वस्तीत शिरला नाही म्हणूनच हा आकडा आठवर थांबला. हौशी पाठलाग करणाऱ्यांची गर्दीही त्या रस्त्यांवर होतीच. ज्ञानासाठी गेलेला माणूस आणि थरारासाठी गेलेला माणूस यांच्या मोटारी रस्ता सारखाच अडवतात.

इशारा खोटा ठरतो तेव्हा

अमेरिकेत टोर्नॅडोचे चार इशारे दिले तर साधारण तीन वेळा टोर्नॅडो येत नाही. मुलांना ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट लगेच आठवेल. मात्र दोन्हींत एक फरक आहे आणि तो वर्गात जरूर उलगडून दाखवावा. गोष्टीतला मुलगा लांडगा नसताना ओरडत होता. हवामान खात्याला मात्र फिरणारा ढग खरोखरच दिसत असतो. तो जमिनीला टेकेल की नाही, एवढेच ठाऊक नसते.

२२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन शहराला टोर्नॅडो टेकण्यापूर्वी सतरा मिनिटे इशारा मिळाला होता. तरी १५८ माणसे मेली. नंतरच्या चौकशीत दिसले की भोंगा ऐकून बऱ्याच लोकांनी लगेच आसरा घेतला नाही. भोंगे नेहमीच वाजतात, असे त्यांना वाटले. कोणी खिडकीतून पाहिले, कोणी दूरदर्शन लावला, कोणी शेजाऱ्याला विचारले. खात्री होईपर्यंत वेळ निघून गेली. ही चूक मूर्खपणाची नाही. कोणतीही बातमी ऐकली की दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहावी, असे आपणच मुलांना शिकवतो. पण इथे ताडून पाहायला वेळच नसतो.

म्हणून इशाऱ्याचा हिशोब वेगळा करायचा. इशारा मानला आणि टोर्नॅडो आला नाही, तर पंधरा मिनिटे वाया गेली. इशारा मानला नाही आणि टोर्नॅडो आला, तर जीव गेला. चारांत तीनदा पंधरा मिनिटे वाया घालवणे हा स्वस्त सौदा आहे. संभाव्यतेच्या धड्याला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आपल्या आकाशाखाली

आपल्या उपखंडात टोर्नॅडो होत नाहीत असे मात्र नाही. एप्रिल-मे महिन्यांत बंगालच्या उपसागरावरची दमट हवा, छोटा नागपूरकडून येणारी कोरडी हवा आणि वरचा जोरदार वारा असा तोच मेळ पूर्व भारतात आणि बांगलादेशात जमतो. तिथल्या ‘कालबैसाखी’ वादळांतून कधी कधी टोर्नॅडो उतरतो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १३०० माणसे एका टोर्नॅडोत दगावली. जगात एवढे बळी घेणारा दुसरा टोर्नॅडो नोंदलेला नाही. वाऱ्याचा वेग अमेरिकेत जितका असतो तितकाच असेल, पण पत्र्याची आणि कुडाची घरे, दाट वस्ती आणि इशाऱ्याचा अभाव यांनी आकडा वाढवला.

महाराष्ट्रात वळवाच्या दिवसांत उष्णता आणि बाष्प असते, पण वरचा वारा सहसा तेवढा जोरदार नसतो. म्हणून आपला ढग उभ्या उभ्या वाढतो, कोसळतो आणि विरतो. त्याची हत्यारे म्हणजे वीज, गारा आणि सोसाट्याचा वारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाडा आणि विदर्भातल्या उभ्या पिकांची काय दशा केली, हे गावोगावच्या शिक्षकांनी पाहिले आहे. आता बातम्यांत पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग किती पाऊस पडेल एवढेच सांगत नाहीत, आपण काय करायचे तेही सांगतात. लाल इशारा देऊनही एखाद्या गावी थेंब पडला नाही तर ‘यांचे कधी खरे ठरते का’ असे म्हणण्यापूर्वी जॉप्लिन आठवावे.

आपल्या विद्यार्थ्यांनी वादळामागे धावू नये. पण स्कायवॉर्नमधल्या शेतकऱ्यासारखे एका जागी उभे राहून पाहायला काहीच हरकत नाही. मार्चपासून जूनपर्यंत वर्गात एक वही ठेवावी. रोज ठरलेल्या वेळी ढगांचे आकार, वाऱ्याची दिशा, खालचे आणि वरचे ढग एकाच दिशेने सरकतात की निराळ्या, हे मुलांनी लिहावे. शेजारी त्या दिवशीचा वर्तमानपत्रातला अंदाज चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी तो कितपत जमला ते नोंदवावे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. मात्र हा हिशोब छपराखाली बसूनच करायचा. गडगडाट ऐकू आला की मैदान आणि झाड सोडायचे, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. दोन-तीन महिन्यांनी अंदाज किती वेळा जमला आणि किती वेळा हुकला, हे मुलांनाच मोजू द्यावे, आणि हुकलेल्या दिवशी आकाशात काय होते ते वहीतूनच शोधायला सांगावे.